मेलबर्नला निघालेली सीताफळं

प्रिय वन्संबाई,

'वन्सं' म्हटलं की तू चिडतेस, म्हणूनच लिहिलं. वयाने धाकटी असलीस तरी नणंद ती नणंदच. राजनंदिनी, हे फोनवर बोलता आलं नसतं. आपलं बोलणं आधीच गच्चीवर चोरून चालतं, आणि हल्ली माझा फोन वाजला की आई जिन्यापर्यंत मागे येतात.

आधी कारखान्याचं सांगते. सुप्याच्या आपल्या शेडमधून या हंगामात सीताफळाचा पहिला मोठा कंटेनर तुमच्या मेलबर्नला निघाला. गर गोठवायचा आणि बर्फ वितळू न देता त्यातलं पाणी काढून घ्यायचं, एवढंच आमचं काम. हाती येते ती फोड फुलासारखी हलकी. तोंडात टाकली की कुरकुरते आणि मग जिभेवर सीताफळ होते. पण जराशी दमट हवा लागली तरी तिचा चिखल. दुबईचा माल तसा मऊ पडला होता, तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. डॉलर घसरेल म्हणून बँकेशी भाव आधीच बांधून घेतला. माल भिजला, बुडाला, गिऱ्हाइकाने हात वर केले, तर प्रत्येकाचा वेगळा विमा. तुझा दादा म्हणायचा, शुभांगी, तू एक दिवस यमाचाही विमा काढशील. हसायचा तेव्हा. आता तोच करण जेवताना पाणीसुद्धा मागत नाही.

आईंनी एकदा सहज विचारलं, माल कुठल्या गावाला चाललाय, आणि दादा बोलून गेला, मेलबर्नला. आईंचा हात कणकेतच थांबला. "राजीच्या गावाला व्हय?" म्हणाल्या. तू भीमराजशी कोर्टात लग्न करून विमानात बसलीस, त्यानंतर तुझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तू निघालीस त्या दिवशी त्या देवघरातून बाहेर आल्या नाहीत, तुझी ओटी भरली नाही, हे तुझ्याइतकंच मलाही आठवतंय. आई स्वतः बोलल्याशिवाय मी फोन करणार नाही, असं तू म्हणालीस. तुमच्या घराण्यात सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि मधे मी.

माल भरायच्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून कारखान्यात आल्या. कारखान्यात त्या कधी येत नाहीत. पिशवीत नारळ, हळदी-कुंकू असेल असं आम्हाला वाटलं, आणि होतंही. आमच्या कामाच्या बायकांनी त्यांना हात देऊन कंटेनरमध्ये वर घेतलं. खोक्यांना हात लावून त्या किती तरी वेळ आत उभ्या होत्या. मला बरं वाटलं गं. मी बाहेर उभी राहून चक्क फोटो काढत होते. मग दार लागलं, सील ठोकलं, नारळ फुटला.

जहाज कोलंबो सोडून पुढे गेल्यावर, एका दुपारी मेथी निवडताना त्यांनी मला हळूच सांगितलं, "राजीची वटी धाडली हाय. खोक्याच्या मागं ठिवली." आपण एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतो आणि पुढच्या स्टँडवर कुणीतरी येऊन घेतं, तसंच त्यांना वाटलं होतं. तिथे दार उघडलं की माणसं तुला बोलावतील. नाव का नाही घातलं, तर म्हणे, "खण बघून वळखंल की ती." मी उठून बाहेर गेले आणि जहाजाच्या एजंटला फोन लावला. पाण्यावर चाललेल्या डब्याचं दार कोण उघडणार? त्याने सरळ सांगितलं, आता देवाचं नाव घ्या. मी रोज घेतलं.

तुमच्याकडे बंदरावर त्यांनी कंटेनर उघडला. खणाची गाठ सुटून गहू खोक्यांच्या फटीफटीत सांडले होते, आणि गव्हाला कीड लागली होती. तुमच्या देशात असं बी-बियाणं चालत नाही, ते त्यांचं बरोबरच. माल नष्ट करायचा हुकूम निघाला. गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवली. विमावाला म्हणाला, घरच्या माणसाने ठेवलेल्या वस्तूचा विमा नसतो. मी सगळ्या जगाची भीती धरली होती, वन्सं, आईच्या मायेची कशी धरणार? मशीन बंद आहे. बायका सकाळी येऊन दारात बसतात आणि दुपारी उठून जातात.

आईंना यातलं काही सांगितलेलं नाही. माल पोचला एवढंच सांगितलं, आणि तिथेच फसले. पोचला म्हणजे ओटीही पोचली, असं धरून त्या तुझ्या फोनची वाट बघत बसल्या. काल म्हणाल्या, "मिळाली आसंल गं. पर तिनं घेतली न्हाई." आणि ताटावरून उठल्या. खरं सांगावं, तर आपल्या हाताने लेकाचा कारखाना बसला हे त्यांना सोसणार नाही. गप्प बसावं, तर लेकीने ओटी झिडकारली या दुःखात त्या झिजतील.

म्हणून हे पत्र. बंदरावरच्या लोकांनी एक फोटो पाठवलाय, तो सोबत जोडते. स्टीलच्या टेबलावर तुझी ओटी मांडलीय. आई खोदून खोदून विचारतील, म्हणून नीट बघून ठेव. खण हिरवा, तुझ्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला. खोबऱ्याची वाटी, हळकुंडं, सुपारी. आणि कोपऱ्यात कागदाच्या पुडीत सीताफळाच्या बिया आहेत, त्या भीमराजसाठी. "जावयाला म्हनावं, परसात लाव." हे सगळं एव्हाना त्यांनी जाळलं असेल. तू मात्र आईंना फोन कर, आणि मिळाली म्हण.

तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
शुभांगी वहिनी