चिदोरी आणि गोमा यांची ताटातूट होऊ नये म्हणून

मी, हात्सुए इवानागा, वय अडुसष्ट, राहणार हिरादो, हे मृत्युपत्र उशिबुका बंदरात, 'चिदोरी' या माझ्या शिडाच्या बोटीत बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; आज सकाळी ओहोटीची वेळ पुस्तक न उघडता सांगितली. कुणाचा दबाव नाही. माझी कुत्री गोमा पायांवर झोपली आहे, तेवढाच काय तो भार.

१. हिरादोचे घर आणि पोस्टातली ठेव माझी मुलगी चिझुरू हिला. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या बागेत तिने माझ्या नावाने एक कॅमेलियाचे झाड लावावे. तिथल्या सिस्टर आग्नेस यांनी मला वळणदार अक्षर आणि ताठ पाठ दिली. पाठ बोटीवर टिकली नाही.

२. माझी नणंद फुमियो हिला मळमळीच्या गोळ्यांचा अख्खा डबा. माझे पती कुनिहिको गेले तेव्हा ती चारचौघांत म्हणाली, "समुद्रानंच खाल्लं माझ्या भावाला." कुनिहिको घरामागच्या मुळ्याच्या वाफ्यात, हृदय थांबून गेले. समुद्राविषयी पुन्हा बोलण्याआधी तिने एक गोळी घ्यावी.

३. पुढच्या डेकवरचे प्लास्टिकचे हिरवे गवत फेकून द्यावे. गोमाने त्यावर विधी उरकावा म्हणून कुनिहिकोंनी ते आणले, आणि स्वतः चार पायांवर होऊन, एक पाय उचलून तिला धडा दिला. शेजारच्या बोटीवरच्या माणसाने अदबीने पाठ फिरवली. गोमा मात्र दहा-दहा तास दम धरी, जमीन मिळेपर्यंत. म्हणून नऊ वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर, हिरादोहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालो, तेव्हा कुठे थांबायचे हे वाऱ्यापेक्षा गोमाच ठरवत होती. त्या दिवसांइतकी मी आयुष्यात कधी हसले नाही.

४. चिदोरी आणि गोमा, दोघी एकत्र, उशिबुकाचे कोळी तात्सुगोरो उराता यांना.

कारण असे. नव्या बंदरात आधी कास्तेला केकचा डबा घेऊन कोळ्यांना विचारायचे, मग दोर बांधायचा, ही रीत. इथे आलो तेव्हा गोमाची घाई होती आणि धक्का रिकामा दिसला. आम्ही दोर आधी बांधला. कोळ्यांच्या बंदरात रिकामा धक्का म्हणजे समुद्रावर गेलेल्या कुणाची तरी जागा, हे विसरलो. दुपारी उराता जाळी घेऊन परतले.

"ओ शिडवाले! माझ्या जागेत काय वाऱ्याची वाट बघताय?"

आम्ही कमरेतून वाकून माफी मागत असताना गोमाने उडी मारली ती थेट त्यांच्या बोटीवर, आणि नव्या कोऱ्या दोराच्या वेटोळ्यावर सावकाश मोकळी झाली. उरातांनी बघितले, आणि हसता हसता खाली बसले. "बाई, जागा हिच्या नावावर झाली बघा!" संध्याकाळी त्यांनीच बांगडे भाजले. तेव्हापासून दर शरदात आम्ही इथे येतो. गेली चार वर्षे मी आणि गोमा दोघीच.

इथवर गेल्या आठवड्यात लिहिले होते. वरील कलम ४ मधील पहिले वाक्य मी आज खोडले असून त्यावर माझा शिक्का मारला आहे. का, ते पुढे.

५. या कागदाचा कच्चा मसुदा मी चिझुरूला ओसाकाला पाठवला होता. लगेच फोन आला.

"आई, हे काय? आपली गोमा परक्या माणसाला?"

"तू बोट मोडीत काढणार, आणि गोमाला नवव्या मजल्यावर कोंडणार. तूच म्हणाली होतीस."

"बाबांच्या सुतकाचा एकोणपन्नासावा दिवससुद्धा झाला नव्हता गं! मला भीती वाटली होती. तुम्ही दोघं समुद्रावर, आता तू एकटी..."

तिने तिथेच फोन ठेवला.

मंगळवारी ती शहरी बूट घालून बसमधून उतरली. बुधवारी तिला शेजारच्या खाडीपर्यंत नेले. तिने दोनदा ओकारी काढली, तिसऱ्यांदा सुकाणू मागून घेतले. परतलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती; धक्का डोक्याच्या वर दोन हात, आणि चढायला गंजकी लोखंडी शिडी. माझे गुडघे आता गोमाला घेऊन ती चढत नाहीत, हे मी कुणालाच सांगितले नव्हते. चिझुरूने माझ्याकडे एकदा पाहिले.

"हिला धरायचं कसं, दाखव."

मी गोमाच्या लाइफ जॅकेटच्या पाठीवरची मूठ दाखवली. तिने बूट काढले, बारा किलोची म्हातारी कुत्री काखेत घेतली आणि अनवाणी वर गेली. वरून ओरडली, "आई, पुढच्या वर्षी कुठपर्यंत जायचं?"

म्हणून चिदोरी आणि गोमा, दोघी एकत्र, चिझुरूला. मी असेपर्यंत मीही त्यांच्याबरोबर.

साक्षीदार: स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने लागत नाहीत, मला लागतात. वारसाने साक्ष करू नये; पण उराता आता वारस उरले नाहीत. हे कळताच त्यांनी हात धुऊन पेन मागितले: "बोट गेली, कुत्री गेली, वर सही पण मीच करू? आणा इकडे!"

तात्सुगोरो उराता, कोळी (सही)
कियो शिमोदा, धक्क्यावरचे नूडलचे दुकान (सही)

हात्सुए इवानागा (सही व शिक्का)
उशिबुका बंदर, १९ ऑक्टोबर २०२३. वारा ईशान्येचा, आम्हाला हवा तसा.