उद्याची शपथ आणि आपली घटना

मंगळवार, संध्याकाळ. वेस्ट विंडसर.

आज सेमिनारमध्ये पोलंडची सहकारी टेबलावर हात आपटून म्हणाली, "युरोपचा कायदा मानू, पण आमच्या घटनेच्या वर नाही!" घटनेचा कायदा हा माझाच विषय, तरी मला तिचा हेवा वाटला. तिला युरोपात राहून स्वतःची घटना ठेवता येते. मला उद्या अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर एकच ठेवता येईल, भारताची सोडावी लागेल. नागपूरला वडील दर सव्वीस जानेवारीला घटनेची उद्देशिका मोठ्याने वाचायचे, आम्ही मागून म्हणायचो. इथे मागून म्हणायलाही कुणी नाही.

घरी लेकीला म्हटलं, "घटना सोडणं सोपं नसतं गं."

"कुठली घटना, बाबा? व्हॉट हॅपन्ड?"

घटना म्हणजे काहीतरी घडणं, एवढंच तिला माहीत.

"अजून काही नाही," मी म्हटलं. "उद्या घडेल."