सेंट ओडाच्या दारातले पोहे

लायडन, १४ मे

प्रिय शैलाआत्या,
सप्रेम जयभीम.

तुझे फोन मुद्दाम उचलत नाही. बोलायला लागले तर रडू येईल आणि मग तूच माझी समजूत घालशील. ते नको, म्हणून लिहितेय.

शनिवारी तू म्हणालीस, चर्च बघायला जायचंय, मी दिलेली निळी साडी नेस. बसमध्ये सेंट ओडाची गोष्ट सांगितलीस. स्कॉटलंडच्या राजाची आंधळी मुलगी. यात्रेत तिला दृष्टी आली, तिने आयुष्य देवाला वाहिलं, आणि बापाने लग्न ठरवताच ती पळाली. जिथे प्रार्थनेला बसे तिथे काळेपांढरे एक्स्टर पक्षी कलकलाट करून तिचा ठावठिकाणा फोडत, म्हणून ती गावोगाव फिरत इकडे डच मुलखात आली. ऐकता ऐकता माझे डोळे भरले आणि बाबांनाही न सांगितलेलं तुला सांगितलं. मला लग्न करायचं नाही. पीएचडी संपली की श्रामणेरी होऊन भिक्षुणींच्या विहारात राहायचंय. तू हात हातात घेऊन म्हणालीस, हे माझ्या पोटातच राहील.

आणि चर्चच्या दारात तू माझ्यासाठी हेरलेलं स्थळ, प्रतीक, आणि त्याचे आईवडील उभे. तू पिशवीतून पोह्यांचा डबा काढलास आणि प्लेटा माझ्या हातात दिल्यास. वर खोबरं-कोथिंबीरसुद्धा होती. केसाने गळा कापलास आत्या.

तरीही तुझीच,
मनाली

कापेल आन डेन आयसेल, १९ मे

चि. मनाली हिस,
शैलाआत्याचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. अगं, ती मंडळी आधीच बोलावलेली. तुझं ऐकलं तेव्हा बस निम्म्या वाटेवर होती, त्यांना काय परत फिरा म्हणू? घरी बोलावलं असतं तर तू आली नसतीस, इतकी मी तुला ओळखते. मुलगा रॉटरडॅम बंदरात आयटीत आहे, शांत आहे, आणि पोहे दोनदा मागून खाल्ले.

ओडा थोर खरीच, तिच्यापुढे मेणबत्ती मीच लावली. पण गोष्टी सांगायच्या असतात, तसं वागायचं नसतं. म्हणून दादाला सगळं कळवलं. दादाराव बाप आहे तुझा, त्याच्यापासून कसं लपवू? तो पुढच्या महिन्यात येतोय. रागावू नकोस, तुझ्या भल्यासाठीच केलं.

राग पोह्यांवर काढ, आत्यावर नको. माया आहे तशीच ठेव.

तुझी आत्या

लायडन, २६ मे

सौ. शैलाताई यांस,
जयभीम.

घर सोडून गेलेल्या राजपुत्राला तुम्ही रोज वंदन करता. घर सोडून आलेल्या राजकन्येपुढे मेणबत्ती लावता. फक्त आपल्या घरातली मुलगी निघाली की डबा भरता.

ओडाचा ठिकाणा पक्ष्यांनी फोडला. ते तिचे कुणी लागत नव्हते.

बाबा येतील तेव्हा मी लायडनमध्ये नसेन. उरलेला प्रबंध दुसरीकडे राहून लिहीन, गाईडशी बोलणं झालंय. बाबांना सांगा, मी सुखरूप आहे आणि त्यांना मीच पत्र लिहीन. नवा पत्ता कुणालाच दिलेला नाही. एकाच माणसाला द्यायचा असता तर तुम्हालाच दिला असता.

निळी साडी धुऊन, घडी करून पोस्टाने पाठवली आहे. लोभाविषयी या वेळी काही लिहीत नाही.

मनाली