नागसेनचं नाव घेतलं तेव्हा

पलूस, ३ जानेवारी २०२४

ती. भामाआक्का हिच्या चरणी धाकट्या आकारामचा नमस्कार, वि. वि.

फोनवर तुझा आवाज आला की मी ऊस, थंडी, गुडघे असलं बोलत राहतो. म्हणून हे कागदावर. वाचून फोन करू नकोस, तूही लिही.

फौजेतून आल्यापासून मी येशूचा नवा करार वाचतो. तू मला चेष्टेनं फादर म्हणतेस. येशूला देव मी कधी मानलं नाही. तो मेलेला उठला हे मला पटत नाही. पण वैऱ्यावर प्रेम कर, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी आपल्यातलं मुसळ बघ, हे पटलं आणि तसं वागायचं ठरवलं.

गेल्या महिन्यात आमच्या यात्रा कमिटीची माणसं घरी आली. कमिटीचा अध्यक्ष असलेल्या पुतण्या वीरधवलनं फळीवर ते पुस्तक बघितलं. दुसऱ्या दिवशी देवळातल्या बैठकीत त्यानं विचारलं, काका, तुमी बाटलाय का? आक्का, मी सीमेवर गोळीबारात उभा राहिलेला माणूस. पण समोर सगळी भावकी बसलेली. मी म्हणालो, पुस्तक माझं नव्हे, नागसेननं ठेवायला दिलंय.

आमच्या पलटणीतला नागसेन. तो बौद्ध, त्यानं ते उघडूनही बघितलेलं नाही. मी सांगलीत विकत घेतलं होतं. पण त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली धर्म बदललेला, त्यामुळं लोकांना लगेच खरं वाटलं. तसं वाटेल हे मला बोलतानाच ठाऊक होतं.

माळावर तो चौदा पोरापोरींकडून फौजेच्या भरतीसाठी पळण्याचा सराव करून घ्यायचा. तो पोरांना बाटवील म्हणून आईबापांनी पाठवणं बंद केलं. कमिटीनं त्याला बोलावून विचारलं, तेव्हा तो माझ्याकडं एकदा बघून गप्प बसला. तेव्हापासून मी माळाची वाट सोडलीय. घरात तुझ्या भावजयीला, राहीबाईलाही हे सांगितलेलं नाही.

जमलं तर माया आहे तशी राहू दे.

तुझा आकाराम

मलकापूर, ८ जानेवारी

चि. आकाराम यास आक्काचे आशीर्वाद.

माझं अक्षर वाकडं हाय, सांभाळून घे. दुसऱ्याकडनं लिवून घ्यावं असं हे न्हाई.

लय वाईट केलंस. आमचा आकाराम किती शांत झालाय, असं मी शेजारणींस्नी सांगत हुते. आता सांगणार न्हाई.

त्या येशूला तू देव मानत न्हाईस. मग त्याच्यापुढं गुडघं टेकून मोकळं व्हायची सोय तुला न्हाई. मानणाऱ्याला ती हाय. तुला एकच दार, नागसेनचं. तूच मागं वाचून दाखवलं हुतंस, निवद घिऊन गेल्यावर भाऊ आपल्यावर नाराज हाय असं आठवलं, तर निवद तितंच ठेवून आदी भावाकडं जावं. मला ते पटलं हुतं, म्हणून ध्यानात ऱ्हायलं. यात्रा जवळ आली. त्याच्या आत जा.

राग हाय, पण तू माझाच हाईस.

भामाआक्का

पलूस, ४ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. नमस्कार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी गेलो नाही. चार दिवस लागले.

नागसेन अंगणात सायकलची चेन बसवत होता. मी सगळं सांगितलं. तो हातातलं काम करतच राहिला. मग म्हणाला, मला कशाला सांगतोस गड्या, मला ठावंच हाय. जितं बोललास तितं बोल. तू त्या दिवशी गप्प का बसलास, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी न्हाई म्हटलं असतं तरी लोकांनी तुझंच खरं धरलं असतं.

शनिवारी बैठकीत मी उभा राहिलो. पुस्तक माझं आहे, मी विकत घेतलं, देव मानत नाही पण ऐकतो त्याचं, आणि नागसेनचं नाव मी भिऊन घेतलं, असं सांगितलं. सगळ्यांनी लगेच पुढचा विषय काढला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वीरधवलनं माझं नाव कमिटीतून काढलं. यात्रेत पालखीला खांदा द्यायला मला हाक आली नाही. राहीबाईनं निवद नेला. घरी येऊन ती एवढंच म्हणाली की हे तिला आधी कळायला हवं होतं.

चौदापैकी नऊ पोरं परत आली. वेळ मोजायला माणूस पाहिजे, असा नागसेनचा निरोप आला, म्हणून मी रोज सकाळी माळावर असतो. तो माझ्याशी मिनिटं आणि सेकंद एवढंच बोलतो. पूर्वी पळून झालं की मला चहाला घरी न्यायचा. आता नेत नाही.

काल एका पोरीनं विचारलं, आजोबा, ते पुस्तक नक्की कुणाचं हुतं? नागसेन शेजारीच बुटाची नाडी बांधत होता. माझं, असं मी म्हणालो. त्यानं मान वर न करता तिची वेळ विचारली. मी सांगितली.

हवं तेवढं रागव, पण लिहीत जा.

तुझा आकाराम