सुझानाबाईंच्या पिस्तुलावरचे ओरखडे

कल्याण, आश्विन वद्य पंचमी, शके १८०७

राजमान्य राजेश्री भिकाजीपंत यांस धुंडिराजशास्त्र्याचा नमस्कार. माझा एक गुडघा सोडल्यास येथे आम्ही सर्व ठीक आहोत. इगतपुरीच्या थंडीत तुमचा दमा कसा आहे ते कळवावे. काढा तुम्ही घेत नसालच, तेव्हा त्याबद्दल विचारत नाही. तुमच्या भगिनी खुशाल आहेत. गेले दहा-अकरा दिवस त्या माझ्याशी मोजके बोलतात, त्यामुळे माझे अध्ययन चांगले चालले आहे.

ठाण्याचा कॉस्मास लोहार तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही ज्या इंजिनेर साहेबाकडे कारकून होता, त्याच्या बंगल्यामागच्या छपरात याने सहाबारी पिस्तूल घडवले होते. चकरी बाजूला उघडणारे, पितळी अंगाचे. साहेबाने कागदावर आकृती काढली, पुढचे सारे कॉस्मासने केले. विलायतेच्या कंपनीला दाखवायला म्हणून तो एकच नमुना झाला आणि तो पाठवण्याआधीच साहेब तापाने गेला. पिस्तूल कॉस्मासकडे राहिले. आता श्रावणात कॉस्मासही गेला. परवाना त्याच्या नावचा होता, म्हणून पोलिसांनी त्याच्या बायकोला, सुझानाबाईंना, बजावले आहे की दिवाळीच्या आत हे परवानेवाल्याला द्या, नाहीतर आम्ही नेऊन मोडून टाकू.

मुंबईचे एक पारशी शेट जुनी आणि दुर्मिळ हत्यारे जमवतात, त्यांच्यापाशी परवानाही आहे. त्यांना पत्र लिहून देण्यासाठी बाई माझ्याकडे आल्या आणि वर्णन नेमके व्हावे म्हणून पिस्तूल आमच्याकडेच ठेवून गेल्या. (येताना ते भाताच्या टोपलीतून आणले होते. हे वाक्य वाचून झाल्यावर खोडावे.) त्यांची अट एकच. शेटजी आपल्या कपाटात प्रत्येक हत्याराखाली चिठ्ठी लावतात, तिच्यावर साहेबाच्या शेजारी कॉस्मासचे नाव यावे.

दुर्दैवाने दुसरे दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरच्या शस्त्रपूजेत इतकी वर्षे एक विळी, एक अडकित्ता आणि पणजोबांच्या तलवारीची नुसती मूठ असते. खरे शस्त्र घरात असताना ते पूजेत नसावे हे कोणाच्याही मनाला पटले नसते. आणि पूजेत मांडायचे म्हणजे आधी घासायचे. तुमच्या भगिनींनी चिंच, राख आणि विटेची भुकटी घेऊन तासभर ते असे घासले की त्यात तोंड दिसावे. मुठीजवळ काही बारीक ओरखडे होते, ते जाईनात म्हणून तेवढ्यावर जास्त जोर लावला. ते ओरखडे म्हणजे कॉस्मासने सुईने कोरलेले आपले नाव होते, पाद्रीबाबांनी शिकवलेल्या इंग्रजी अक्षरांत. स्त्रीजातीला अक्षरओळख नाही, तेव्हा दोष कोणाला द्यावा.

परवा शेटजी स्वतः आले, सुझानाबाईही ठाण्याहून आल्या. पिस्तूल हातात घेऊन त्याची चकरी उघडली, मिटली. मग म्हणाले, "शास्त्रीजी, असा नमुना एकच हाय. पन एला आंघोल कोनी घातली?" मी तुमच्या भगिनींकडे पाहिले. नावाचे विचारता शेटजी म्हणाले, साहेबाची आकृती आहे, साहेबाचे नाव लावीन. दुसऱ्या नावाला पुरावा पाहिजे. सुझानाबाईंनी पिस्तूल घेतले आणि मुठीजवळ अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांना वाचता येत नाही, पण नाव कुठे असते हे त्या अंगठ्याला ठाऊक होते. मग शेटजींना म्हणाल्या, "नाव नाय तर पिस्तूलपन नाय. शिपायांनी फोडलं तरी चालंल." जाताना तुमच्या भगिनींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नको गो बाय. तुला कुठं वाचता येतं? मला तरी कुठं येतं?" तुमच्या भगिनी काही बोलल्या नाहीत.

असो. घरातील लहानांस आशीर्वाद, वडिलांस नमस्कार.

ता. क. शेटजींनी पुराव्यासाठी अमावास्येपर्यंत वेळ दिला आहे. पिस्तूल तयार झाले त्या दिवशी ते तुमच्या हातात होते आणि त्यावरचे नाव तुम्ही मोठ्याने वाचून कॉस्मासला त्यातली एक चूक दाखवली होती, असे सुझानाबाई सांगतात. (त्याने ती दुरुस्त केली नाही, हेही सांगतात.) हे सर्व, त्या चुकीसह, इंग्रजीत लिहून खाली सही करावी आणि उलट टपाली पाठवावे. तुमचे अक्षर वाईट आहे, तेव्हा सावकाश लिहावे.

ता. क. दुसरा. वरील पत्र घरात वाचून दाखवले. तुमच्या भगिनी म्हणतात, "सुझानाबाईंपुढे मी गप्प बसले, पण दादाला असं लिहून पाठवलंत तर मी आजच्या गाडीने इगतपुरीला जाते." तरी घासण्याच्या हकिकतीत जेथे तुमच्या भगिनी आहेत तेथे मला समजावे. त्या मला दोनदा म्हणाल्या होत्या की अहो, ती अक्षरं दिसतात. मी म्हणालो, अक्षर कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. सुझानाबाईंना हे अजून सांगितलेले नाही. तुमचा कागद आला की तो घेऊन ठाण्यास जाईन. नुसती कबुली घेऊन त्या दारात उभे राहण्याचे धैर्य मला होत नाही.