नायगाराच्या दशम्या

अहो,

दशम्यांची कणीक दुधात भिजवली होती, नायगाराहून परत येईपर्यंत मऊ राहतील. चटणी टँगच्या बाटलीत आहे. कॅनडाच्या बॉर्डरवर खाण्याचं विचारलं तर सरळ सांगा. गेल्या वर्षी तुम्ही ‘काही नाही’ म्हणालात, म्हणून त्यांनी डिकी उघडली. परवा मलाही ‘काही नाही’च म्हणालात, म्हणून मी तुमचं कपाट उघडलं.

उत्तराने बर्गर मागितला तर ओरडू नका, घेऊन द्या. मी सुलेखाताईकडे चाललेय. फोन करू नका, बोलण्यासारखं काही उरलं नाही.

निघताना पोरीच्या हातावर दही घाला. दही घेऊन निघालेलं माणूस सुखरूप घरी परततं, म्हणून दर वेळी मी तुम्हा दोघांना देत आले. वाटी फ्रिजमध्ये आहे. मी न घेताच निघालेय.

सुनेत्रा