ओसरीवरची सभा

प्रिय भारत,

माझं अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकू नकोस. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. वहिनीचं पत्र न वाचण्याइतका मोठा तू अजून झालेला नाहीस. मी या घरात आले तेव्हा तू दुसरीत होतास, तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्यात, तेव्हा माझ्यापुढं रुसून बसण्याचं नाटक करायचं नाही. तेलगावात तू घर बांधलंस, धाकट्याचं लग्न झालं, हे मला बाजारात लोकांकडून कळलं. ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आमंत्रण नव्हतं म्हणून नव्हे. तुझ्या दादांना ते सांगावं की नाही हे ठरवता येईना, म्हणून.

आपली दूध सोसायटी बंद पडली हे तुझ्या कानावर आलं असेल. यंदा पावसानं पुन्हा दगा दिला. आधी विहिरी आटल्या, मग म्हशी आटल्या, मग माणसं जनावरं घेऊन चारा छावणीवर गेली. एका सकाळी दूध घालायला कुणीच आलं नाही. तुझे दादा मात्र गेले. मागच्या दुष्काळात सोसायटीनं छावणी चालवायची की नाही यावरून तू त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आणलास, त्यांचं चेअरमनपद गेलं, तू गाव सोडलंस, पण त्यांनी डेअरी सोडली नाही. रोज ओट्यावर जाऊन बसायचे, कुणाच्या दुधाला किती फॅट लागलं ते विचारायचे. त्या दिवशी कुलूप बघून परत आले आणि ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसले. त्यानंतर अंघोळ नाही, बोलणं नाही, आज वार कोणता ते माहीत नाही. शेजारचे म्हणाले, कपिलधारला नेऊन आणा, मन रमेल. तिथला धबधबासुद्धा यंदा कोरडा पडलाय म्हणे, मन कशात रमवू?

मग एका सकाळी त्यांनी आपण होऊन टोपी घातली, खुर्ची ओसरीवर ओढली आणि मला विचारलं, कोरम झाला का? मी आणि आपला गडी रामकिसन, आम्ही दोघं सभासद. ते अध्यक्ष. तिघांचा कोरम. तेव्हापासून रोज सभा भरायची. टँकरच्या पाण्याला वास येतो म्हणून निषेध, रामकिसननं विडी गोठ्यामागं ओढावी, कोंबड्यांनी ओसरीवर येऊ नये. रामकिसन सूचक, मी अनुमोदक. मी लसूण सोलता सोलता हात वर करायची. मला ते सभासद सारजाबाई म्हणायचे तेव्हा हसू यायचं. पण सभा झाली की निमूट भाकरी खायचे, गोळ्या घ्यायचे. एवढ्यावर निभतंय तर निभू दे, असं मी म्हणायची.

गोळ्या कसल्या ते सांगायचं राहिलं. सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी सत्यभामा नावाची एक मुलगी येते. म्हाताऱ्या माणसांशी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांशी बोलणं हेच तिचं काम. गावात सगळे तिला ताई म्हणतात. डोक्याच्या डॉक्टरकडं चेअरमनला नेलं म्हणून लोक तोंडावर बोलले, पाठीमागं तर बोललेच असतील. ताई म्हणाली, ही उदासी आहे, म्हातारपणी येते, तिच्या जोडीला विसरही आहे. हा आजार आहे, हट्ट नव्हे. डॉक्टरांनी औषध दिलं. मग तिनं मला वेगळं बसायला सांगितलं. सांभाळणाऱ्यांची बैठक असते म्हणे, सगळे आपापलं बोलतात. मला काय धाड भरलीय, असं म्हणून मी उठून आले. मला वेळ तरी कुठं होता? त्यांना उठवायचं, धुवायचं, कपडे बदलायचे, घागरभर पाण्यासाठी टँकरमागं पळायचं, आणि पाठ फिरली की ते कुठं निघून जातील ही धास्ती. गुडघे तर माझेही गेलेत. मी त्यांच्याहून चारच वर्षांनी लहान आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही, माझ्यासुद्धा.

आता मुख्य गोष्ट. एका सकाळी रोजच्यासारखी सभा भरली. तुझे दादा उभे राहिले, टोपी नीट केली आणि ठराव वाचावा तसा म्हणून दाखवला. अध्यक्ष सुंदरराव यांचं वय झालं असून संस्थेला त्यांचा काही उपयोग उरलेला नाही. सबब त्यांना अन्न, औषध आणि पुढील सर्व कामकाजातून मुक्त करण्यात यावं. रामकिसनला धड ऐकू येत नाही. त्यानं सवयीनं हात वर केला.

लसूण सोलण्याच्या नादात मला ऐकू आलं नाही, असं मी दवाखान्यात आधी सांगितलं. तुला खोटं सांगत नाही. मी ऐकलं, भारत. शब्दन् शब्द ऐकला. त्या सकाळी त्यांचं अंथरूण भिजलं होतं, धुवायला घरात पाणी नव्हतं, आणि अंग पुसताना त्यांनी मला ढकललं होतं. माझ्या मनात आलं, होऊ दे. होऊ दे एकदाचं. मी हात वर केला. सर्वानुमते मंजूर, असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. सोसायटी बंद पडल्यापासून ते हसले नव्हते.

दुपारी ताट पुढं ठेवलं तर त्यांनी बोटानं मागं सारलं. ठराव झालाय, म्हणाले. तेव्हापासून घोटभर चहा, कधी चमचाभर पेज, बस्स. गोळी तोंडात घातली की शांतपणे काढून माझ्या हातावर ठेवतात. बाकी सगळं विसरतात, माझं नाव विसरतात, हे मात्र विसरत नाहीत. मी पाया पडले, म्हटलं मी माझं अनुमोदन मागं घेते. तर म्हणाले, असं चुलीपुढं बसून मागं घेता येत न्हाई, सभेपुढं या. सभा बोलवा म्हटलं, तर कोरम न्हाई. कारण रामकिसन आपल्या दोन गाई घेऊन छावणीवर गेला. तो तिथून हलला तर गाई कुणी बघायच्या? उरलेसुरले सभासद कुणी छावणीवर, कुणी ऊसतोडीला. शेजारच्या बायकांना आणून बसवलं, तर तुझ्या दादांनी नाही म्हणून मान हलवली. बिगरसभासदांची सभा चालवणारा माणूस तो नव्हे, हे तुला मी काय सांगू?

मी घाबरून ताईकडं पळाले. तिनं आधी फवारणीचं औषध आणि दावी घरातून हलवायला लावली, त्यांना एकटं सोडू नका म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय, असंच चाललं तर बीडला भरती करायचं, नाकातून नळी घालायची. गाडी सांगून ठेवलीय. मग मला तिनं त्या बैठकीला बसवलंच. तिथं बंकट होता, तोच बैलांचा दलाल, आईला सांभाळतो. अख्ख्या बाजाराला शिव्या घालणारा माणूस तिथं बाईसारखा रडत होता. माझी पाळी आली तेव्हा मी खरं सांगून टाकलं. मला वाटलं, आता सगळे उठून जातील. कुणी उठलं नाही. शेजारी बसलेली छबुबाई म्हणाली, माज्या बी मनात लई येळा येतं बाई, सासू कवा सुटंल म्हून, आन मग तिलाच न्हाऊ घालताना रडू येतं. मी तिच्या पदरात तोंड खुपसून रडले. ताईनं मला रडू दिलं. मग विचारलं, मावशी, घरात आणखी कोण आहे? कुणी नाही म्हटलं. तिनं पुन्हा तेच विचारलं.

काल मंगळवारी ताई आपल्या ओसरीवर आली. तिनं तुझ्या दादांना सरळ विचारलं, झालेला ठराव रद्द कसा करतात हो? एवढं तर ते ठराव झाल्यापासून बोलले नव्हते. खास सभा लागते, लेखी नोटीस लागते, तीन सभासद लागतात, असं सगळं तिला समजावून सांगितलं. मग तिनं विचारलं, तिसरा कोण बोलवायचा? त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, गेले पुन्हा. मग म्हणाले, भारतला नोटीस काढा, त्याचं नाव अजून यादीत हाय. तू गाव सोडलंस तेव्हापासून तुझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन चुलीपुढं बसले.

तर ही नोटीस समज. सभा तू येशील त्या दिवशी, तू येशील त्या वेळी. येऊन माझ्याबरोबर ठरावाच्या विरोधात हात वर कर, तेवढंच काम आहे. जुनं कुणी काढणार नाही. तू आलास की सगळं पूर्वीसारखं होईल असं ताई म्हणत नाही, मीही म्हणत नाही. आजार आहे तो राहील, कदाचित बीडलाही न्यावं लागेल. पण ते आज सकाळपासून टोपी घालून बसलेत, आणि मी एकटी पडलेय, भारत. उद्या त्यांनी पुन्हा तसाच ठराव मांडला आणि तू इथं नसलास, तर माझा हात वर जाणार नाही याची मला खात्री देता येत नाही.

तुझीच,
सारजावहिनी